फुलाचा धोंडा

नंदिगड्ड्याची माणसं धाकट्या भावजयीला, फुलाला, घेऊन दुपारच्या आत पोचणार होती, आणि लखू सकाळपासून अंगणाला पाणी मारत होता.

खरं म्हणजे आता पाणी मारायची गरज उरली नव्हती. सिमीट उन्हाळ्यातच आवळून आलं होतं, त्यावर अख्खा पावसाळा कोसळून गेला होता, आणि ठोकळे असे टणक झाले होते की गुंद गावात त्यांच्या गोष्टी सांगत. वाघ लखूच्या बाकड्याला नखं घासायला आला आणि बोथट पंजे घेऊन, मान खाली घालून कुळगीच्या रानाकडं गेला. तेव्हापासून बिचारा ओढ्यातल्या खेकड्यांवर दिवस काढतो, ही त्यातली एक. ती लखूनं स्वतःच पिकवली असावी असा त्याच्या बायकोचा, गिरजाचा, संशय होता.

पण हात रिकामे राहिले की मनात नको ते यायचं, म्हणून तो कळशी भरून आणत होता आणि ओतत होता.

"मोड येत्यात का बघताय त्येला?" गिरजा ओसरीवरून म्हणाली.

"धुरळा बसलाय."

"धुरळा न्हाई. तुमच्या पोटात गोळा बसलाय." पदराला हात पुसत ती खाली आली. "माझं ऐका. पावण्यांस्नी परसाकडनं घ्या. म्होरनं निसरडं झालंय म्हणा. एकदा फुला चुलीम्होरं बसली की मग काय ते हळूहळू सांगू."

"आनि पाय कुटं धुयाची ती?"

गिरजानं नुसतं फणसाकडं पाहिलं आणि ती आत गेली.

सगळी गोम त्या पाय धुण्यातच होती. लखूच्या बापाच्या, लाडूबाबाच्या, ह्या घरात सून यायची ती माहेरच्या ओढ्यातला एक काळा धोंडा घेऊन यायची. तिचा भाऊ तो डोक्यावरून आणणार, ती बोट दाखवील तिथं अंगणात ठेवणार, आणि त्यावर पाय धुऊन मगच ती उंबरा ओलांडणार. पुढं जन्मभर तो धोंडा तिचा. केस वाळवायला तोच, भाजी निवडायला तोच, रुसून बसायलाही तोच. त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, सासऱ्यानंसुद्धा नाही. काडीमोड झाला तर धोंडा उपटून वेशीबाहेर टाकायचा. पण जोवर तो अंगणात आहे, तोवर बाई कुठंही असो, घर तिचं. ही रीत गावात दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. लाडूबाबा सांगायचा की त्याच्या पणज्याला सात बायका होत्या, त्यांच्या भांडणाला कंटाळून पणजा फणसावर जाऊन राहिला, आणि इतका राहिला की त्याच्या दाढीत मधमाश्यांनी पोळं केलं. ते उतरवताना पंचांनी हा तोडगा काढला. पोळ्याचं कोण जाणे, धोंडे मात्र खरे होते. अंगणभर पसरलेले, एकही दुसऱ्याच्या ओळीत नाही. पावसाच्या चिखलात पाय ठेवायला सोयीचे आणि अंधारात ठेच लागायला त्याहून सोयीचे.

आता अंगणात एकही धोंडा नव्हता. होतं ते लखूनं घडवलेलं काम, आणि ते काम देखणं होतं, हे दुष्मनानंही कबूल केलं असतं. कडेनं गुडघाभर भिंत, वारा खेळायला तिच्यात चौकोनी भोकं. तुळशीपासून ओसरीपर्यंत सरळ पायवाट. फणसाच्या बुंध्याभोवती गोल कट्टा. आणि त्याच्यासमोर बाकडी, पाठ टेकायची सोय असलेली.

हे खूळ त्यानं कुळगीहून आणलं होतं. तिथं रानातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो गवंड्याच्या हाताखाली राबला. लोखंडी साच्यात सिमीट, रेती आणि खडी ठासायची, साचा उचलायचा, की खाली ठोकळा. दुसरा त्याच्यासारखा, तिसरा दुसऱ्यासारखा. पण त्याहून मोठं नवल त्यानं संध्याकाळी पाहिलं. साहेब आणि मडम बंगल्याबाहेरच्या बाकड्यावर येऊन बसत आणि काही करत नसत. निवडत नसत, वळत नसत, सोलत नसत. नुसतं बसायला म्हणून घराबाहेर बांधलेली जागा लखूनं जन्मात पाहिली नव्हती. त्याला आपली आई आठवली. ती गेली तेव्हा तिची पाठ अशी वाकली होती की सरणावर नीट निजेना. तिला पाठ टेकून बसलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

काम संपल्यावर मुकादमानं गंजका साचा आणि उरलेली सिमीटाची पोती त्याला देऊन टाकली. त्यातलं एक पोतं वाटेत नदी उतरताना भिजलं आणि गुंदाला येईतो त्याचा दगड झाला. लाडूबाबाची म्हैस त्याला बांधतात, आणि म्हैस हलली तरी दावं तुटतं, पोतं हलत नाही. उरलेलं सिमीट पावसाआधी वापरायला हवं होतं. रेती मिळाली. खडी मिळेना. जोत्याचा तांबडा चिरा घणाखाली ठेवला की त्याचा भुगा होतो. खडीला काळा दगड लागतो, आणि नदीतला काळा दगड फोडून वर आणायला माणसं नव्हती. ढग तर गोव्याकडून येऊन डोक्यावर बसले होते. धाकटा भाऊ परशू लाकूडतोडीला रानात गेला होता. आणि अंगणात, हाताशी, पिढ्यान्‌पिढ्या धुतलेला, घोटलेला काळा दगड पडला होता.

धोंडा मोडतोय कुठं, लखूनं स्वतःला सांगितलं, अंगणातच तर राहतोय. नुसता आकार बदलतोय. उलट आता प्रत्येकीला पाठ टेकायला मिळेल.

त्यानं घण उचलला होता.

*

गुणा, फुलाचा बाप, अंगाबरोबर तोंडही मोठं असलेला माणूस. भिंतीला ठेवलेल्या वाटेतून तो आत आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"लखू, हे रं काय केलंस? सायबाची सासुरवाडी केलीस व्हय?"

लखूचा जीव थोडा खाली आला. "बसा की मामा. बसून बघा."

गुणा बाकड्यावर बसला. पाठ टेकली. मग जरा सरकून पुन्हा टेकली. "गार लागतंय बुडाला. पन ब्येस हाय. सायब लोकं अशीच बसत्यात?"

"व्हय."

"आनि बसून काय करत्यात?"

"काय न्हाई."

"मग उठत्यात कशाला?"

ओसरीवरून गिरजा हसली, गरजेपेक्षा जरा जास्तच. परशू फणसाच्या आडोशाला उभा होता. त्याच्या तोंडावरही काहीतरी हलून गेलं. दोन पावसाळे तो बायकोवाचून राहिला होता. फुलाचं पहिलं मूल जन्मताच गेलं, तापाच्या दिवसांत घरात सगळ्यांचीच डोकी फिरलेली, आणि गिरजाच्या तोंडून एक शब्द गेला: 'हात लावशील ते वाळतंय.' फुला त्याच सकाळी माहेरी निघाली. परशू आणायला जायचा आणि नंदिगड्ड्याचा पाहुणचार खाऊन एकटाच परत यायचा. आणि आता तिनं आपण होऊन निरोप धाडला होता: भात कापणी झाली की येते.

ती आली होती. डोक्यावरची कंदांची पाटी तिनं भिंतीवर ठेवली होती आणि वाटेतच उभी होती. आत आली नव्हती.

"ये की गं," गिरजा म्हणाली. "उनातनं चालून आलीस. गूळपानी देते."

"येते की, आक्का. पाय धुते." फुला अंगणावरून नजर फिरवत होती, चुकून दुसऱ्याच्या दारात आल्यासारखी. "फणसाच्या अंगाला हुता माझा."

फणसाच्या अंगाला गोल कट्टा होता. कट्ट्याला टेकून परशू होता, आणि तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता.

कुणीतरी बोलायला हवं होतं. लाडूबाबा तुळशीपाशी जमिनीवर, भुईलाच बसला होता. त्याच्याकडं लखूनं पाहिलं. म्हातारा तंबाखू मळत होता.

"तितंच हाय," लखू म्हणाला. "कट्ट्यात हाय."

"कट्ट्याखाली?"

"खाली न्हवं. कट्ट्यातच. खडी केली त्येची, फुला. सिमीटाला खडी लागती. ती काळ्या दगडाचीच लागती, चिरा चालत न्हाई, चिऱ्याचा भुगा हुतो. मग रेती मिसळायची, पानी बेतानं घालायचं, जास्त झालं तर ठोकळा रडतो. साच्यात ठासायचं आनि सावलीत ठेवून वर वलं गवत..."

तो बोलत राहिला. घाबरला की त्याला कामाविषयी बोलता यायचं, दुसरं काही नाही. कुणी त्याला अडवलं नाही, आणि ते अडवण्याहून वाईट होतं. शेवटी शब्द संपले.

"सगळ्यांचे फोडले?" फुलानं विचारलं.

"सगळ्यांचे. आईचाबी."

"माझा कंच्या ठोकळ्यात हाय?"

हा प्रश्न लखूच्या मनात कधी आलाच नव्हता. त्यानं कट्ट्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, पायवाटेकडं. एकासारखा एक. त्यासाठीच तर जीव काढला होता.

"सगळ्यांत असंल," तो म्हणाला. "थोडा थोडा."

गुणा बाकड्यावरून उठला. हळूच उठला, तव्यावर बसल्यागत, आणि वळून त्या जागेकडं पाहू लागला.

"मग मी आत्ता कुनावर बसलो हुतो, लखू? लेकीवर बसलो, का इहिणीवर?"

कुणी हसलं नाही. गुणानंही ते हसवायला म्हटलं नव्हतं.

*

परशू आत गेला आणि घण घेऊन बाहेर आला. लखूला वाटलं, आता हा आपल्या डोक्यातच घालतो, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. पण परशू कट्ट्यापाशी बसला आणि त्यानं वरच्या ठोकळ्यावर घाव घातला. वाघाची नखं बोथट करणारा तो ठोकळा पहिल्या घावाला नुसता वाजला. दुसऱ्याला कोपरा उडाला. मग तो मधोमध उकलला, आणि आतलं दिसलं.

राखी सिमीटात काळ्या चिपा रुतल्या होत्या. मिट्ट काळ्या, निळसर काळ्या, तांबूस झाक मारणाऱ्या. सगळ्या एकमेकींत अडकलेल्या, जणू गर्दीत हात सुटू नयेत म्हणून धरून राहिलेल्या.

"ह्यातली कंची?" परशूनं फुलाला विचारलं. "सांग. मी सगळं फोडतो. रातपावतर फोडतो. तू बोट दाव, मी येचतो."

फुला वाकून पाहत होती. हळूहळू तिनं मान हलवली. "मला न्हाई वळखाय येत."

मग लाडूबाबा उठला. त्याला उठायला वेळ लागायचा, आणि त्या वेळात सगळे त्याच्याकडं पाहत राहिले. तो कट्ट्यापाशी आला, फुटलेल्या ठोकळ्यावर अंगठा फिरवला आणि एका चिपेवर थांबला. तिच्यात पांढरी रेघ होती, सुतासारखी बारीक.

"ही तुमची आई," तो म्हणाला.

लखूला ती रेघ आठवली. आईच्या धोंड्यावर ती आडवी होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेला. लहानपणी तो तिच्यावरून गोगलगाय चालवायचा.

"एकदा मी बसलो हुतो हिच्या धोंड्यावर," म्हातारा अंगठा न काढता म्हणाला. "नवा नवरा हुतो, मस्ती हुती. चार दिस जेवाय वाढलं न्हाई मला. भैनीच्या घरी जाऊन जेवलो."

"बाबा," लखू म्हणाला, "तुमी तवा बोलला का न्हाई? मी घण मारत हुतो, तुमी हितंच हुता."

"हुतो की."

"मग?"

"तू म्हनालास, सगळ्यांस्नी पाठ टेकाय मिळंल. मला वाटलं, मिळंल बाबा." त्यानं चिपेवरून बोट उचललं. "मेल्यालीला कुटनं मिळायची, हे मागनं सुचलं."

उन्हाळ्यापासून म्हातारा बाकड्यावर बसत नाही, भुईवरच बसतो, हे लखूनं पाहिलं होतं. दगड गार लागतो म्हणून असेल, असं त्यानं धरलं होतं. विचारलं नव्हतं.

फुला सरळ उभी राहिली आणि तिनं ओसरीकडं पाहिलं.

"आक्का, तुमचाबी फोडला?"

गिरजा गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायचं असतं तर एक 'व्हय' पुरे होता, आणि गिरजाला खोटं बोलता येत नव्हतं असंही नाही; बाजारात ती म्हातारी कोंबडी तलंग म्हणून खपवायची. पण ती म्हणाली, "न्हाई."

लखू चकित होऊन बघतच राहिला. "मी फोडला की. माझ्या हातानं."

"तुमी रेतीला गेला तवा मी माझा लोटत लोटत गोठ्यात नेला. गवताखाली हाय. त्येच्या जागी वड्यातला एक आनून ठेवला. तुमी तो फोडला."

"आनि माझा?" फुलानं विचारलं.

विचारलं अगदी साधेपणानं, बाजारातून माझं मीठ आणलं का म्हणून विचारावं तसं.

"दोनी न्हेयाला येळ हुता," गिरजा म्हणाली. "त्ये गेल्यालं लौकर येत न्हाईत, रेती चाळत बसत्यात. येळ हुता मला. मी तुझ्या धोंड्यापाशी गेले बी हुते. मग वाटलं, ही काय आता येत न्हाई. आनि..." तिनं पदर तोंडाशी नेला. "आनि आली न्हाई तर बरंच, असंबी वाटलं. तुला बघितलं की मला माझाच शबुद ऐकू यायचा."

फणसावरून एक पिकलं पान सुटलं आणि कट्ट्यावर येऊन पडलं.

"माझा घे," गिरजा म्हणाली. "आत्ता आनते. त्यावर पाय धू आनि आत ये. मी बिनधोंड्याची ऱ्हाते."

"तुमच्या धोंड्यावर पाय धुवून मी तुमच्या घरात येईन, आक्का. माझ्या न्हाई." तिच्या बोलण्यात धार नव्हती. "तुमी खरं बोलला, ते बरं केलं. माझा राग हुता तुमच्यावर. आता कमी झाला."

*

गुणानं मुंडासं काढलं, झटकलं, परत बांधलं. तो बोलणार हे सगळ्यांना कळलं.

"पावनं," तो लाडूबाबाला म्हणाला, "तुमची रीत हाय, आमची न्हवं. आमी तुमच्या रीतीपायी पोरीचा धोंडा डोक्यावरनं आनून दिला. तर आता तुमीच सांगा. धोंडा अंगनातनं हालला की बाई काय हुती?"

"सुटती," लाडूबाबा म्हणाला.

"मग सुटली म्हना तसं. तोंडानं म्हना. मी काय भांडाय आलो न्हाई."

"मामा, असं नका करू," लखू मध्ये पडला. "मी उद्या नंदिगड्ड्याला येतो. तुमच्या वड्यातला तसाच धोंडा काढतो, माझ्या डोक्यावरनं आनतो. कट्टा काढून टाकतो फनसाखालचा. जागा हुती तशी करून देतो."

"धोंडा भाऊ आनतो," लाडूबाबा म्हणाला, "दीर न्हवं. आनि एकाच बाईचा एकदाच."

"मग रीत बदलू की, बाबा. आपल्याच घरची रीत हाय. मधमाश्यांनी लावल्याली."

"रीत तुमी फोडली, भावजी," फुला म्हणाली. "आता बदलायबी तुमीच निगाला."

लखू थांबला. त्याचे हात, सकाळपासून कळशी उचलणारे, दोन्ही बाजूंना लोंबकळत राहिले. त्याला सांगायचं होतं की मला तुझं वाईट करायचं नव्हतं. पण ते तिला ठाऊक असणार, आणि ठाऊक असून तिचा काही फायदा होणार नव्हता.

फुला भिंतीवरच्या पाटीपाशी गेली. एक एक कंद काढून ती भिंतीवर मांडू लागली. मांडता मांडता बोलली, आणि कोणाकडं बघून बोलली नाही.

"मी तितं माहेरात हुते, तवा लोकं म्हनायची, जा आता, का न्हाईस जात? मी म्हनायची, जाईन. घाई कसली? माझी जागा हाय तितं. पाऊस पडला की वाटायचं, धोंडा भिजत असंल. ऊन पडलं की वाटायचं, तापला असंल, वर मांजर येऊन बसलं असंल. कुनी बसत न्हाई त्यावर, मी न्हाई तरीबी बसत न्हाई. त्येच्या जोरावर मी लांब ऱ्हायले, आनि त्येच्या जोरावर आज आले. आता हितं बसाय लई जागा हाय, भावजी. कुटंबी बसा. माझी तेवढी न्हाई."

तिनं शेवटचा कंद ठेवला, पाटी झटकली. "आक्का, हे उकडा. बाबांस्नी आवडत्यात. मीठ जरा जास्त घाला, ह्यो चिकट असतोय."

"फुला," परशू म्हणाला.

"तुमी ऱ्हावा. तुमचं घर हाय."

"मला कुटं धोंडा हाय हितं?"

तिला हे कळलं नाही. गुणालाही कळलं नाही, तो म्हणाला, "पुरुषाला कशाला रं पायजे धोंडा?" परशूनं घण कट्ट्याला टेकवून ठेवला आणि परसाच्या बाजूनं खाली उतरून गेला, ओढ्याकडं. जाताना त्यानं वळचणीला अडकवलेली चुंबळ ओढून घेतली.

लाडूबाबानं तंबाखू तोंडात टाकली. "पावनं, बसा जरा," तो गुणाला म्हणाला. "भुईला बसा माझ्याजवळ. तोंडानं म्हनायचं ते मी म्हनीन, पन पोरगं परत येऊस्तवर न्हाई."

लखू भावाच्या मागं गेला.

*

ओढ्यात पाणी घोट्याइतकं होतं. परशू वाकून दगडांवर हात फिरवत चालला होता, म्हशी बघायला आलेल्या गिऱ्हाईकासारखा: एकाला थोपटायचा, पुढं जायचा. लखू काठावर उभा राहिला.

"परशू, तिला मी समजावतो. चार दिस दे मला."

"तू कुनाला समजावू नको, अण्णा. तू लई चांगलं समजावतोस. मी रानातनं आलो तवा तू मलाबी समजावलंस. ठोकळे कसे दिसत्यात, वारा कसा येतोय. मी म्हनालो, बरं. तवाच मी घण घेयाला पायजे हुता."

"मग म्हनाला का न्हाईस?"

"तुझा आनंद बघितला." परशू एका धोंड्यापाशी थांबला. रुंद, सपाट, एका अंगाला किंचित खोलगट. त्यानं त्याच्या खाली बोटं घातली. "आनि मला वाटलं ती न्हाई इचारायची."

त्यानं धोंडा पाण्यातून उपटला. खालची वाळू उसळली, पाणी गढूळ झालं. मांडीपर्यंत आणून तो काठावरच्या खडकावर टेकवला आणि धापा टाकू लागला.

आता लखूला कळलं. "घरजावई हुतोस?"

"काय म्हनायचं ते म्हन. तिच्या बाच्या अंगनात ठेवीन. तिला बोट दावाय सांगीन."

"बापयाचा धोंडा कुनी नेल्याला ऐकलायस?"

"न्हाई ऐकला."

"लोकं हसतील."

"हसू देत. तू वाघाची गोष्ट सांगतोस, तशी माझीबी सांग. हत्तीएवढा धोंडा हुता म्हन, एका हातानं नेला."

लखूला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अंगण आलं: आखीव, स्वच्छ, वारा खेळणारं. संध्याकाळी तिथं गिरजा असेल, आपला धोंडा बाहेर आणायला लाजणारी. भुईवर बाप असेल. आणि बाकड्यावर, पाठ टेकून, कुणी नसेल. त्याला म्हणायचं होतं, जाऊ नको. पण जाऊ नको म्हणायचं तर कशासाठी थांब हे सांगावं लागलं असतं, आणि सांगण्यासारखं जे होतं ते त्यानं बारीक करून साच्यात ठासलं होतं.

परशूनं चुंबळ डोक्यावर बसवली आणि खडकापुढं गुडघे वाकवून उभा राहिला.

"हात लाव," तो म्हणाला. "एकट्याला चढत न्हाई."

लखू पाण्यात उतरला. दोघांनी मिळून धोंडा उचलला. त्यातून पाणी गळत होतं, परशूच्या कानावरून, मानेवरून खाली. लखूनं तो चुंबळीवर टेकवला, डावीकडं जरा जास्त होता तो मध्ये सरकवला, पुन्हा हातानं चाचपून पाहिला. नीट बसला होता. कुठं कलत नव्हता.

"सोड आता," परशू म्हणाला.

लखूचे हात धोंड्यावरच होते.

"अण्णा. सोड."